‘सिस्टीममध्ये मराठी नाही’ : सर्व्हरच्या आज्ञा आणि सीमाभागाची भाषा

सीमाभागात मराठीसाठी अर्ज करणाऱ्याला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर नियमाचे असते आणि त्याला नियमानेच प्रत्युत्तर देता येते. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे तत्त्व राज्यांच्या पुनर्रचनेनंतरच्या काळातच मान्य झालेले आहे. घटनेचे ३४७, ३५०-अ आणि ३५०-ब हे अनुच्छेद आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहेत. दुसरे उत्तर यंत्राचे असते : ‘सिस्टीममध्ये मराठी नाही.’ या तीन शब्दांपुढे घटना पाठ असलेला माणूसही गप्प होतो. यंत्राशी वाद कसा घालायचा, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. सांगणारा खोटे बोलतो असे नव्हे. त्याला तसे सांगितलेले असते आणि ज्याने सांगितले तो दूरच्या शहरात बसलेला असतो. आपल्याकडील कार्यालये, महाविद्यालये, वाचनालये आणि मंडळे यांची संकेतस्थळे ज्या यंत्रांवर चालतात, त्यांतील बहुसंख्य यंत्रांवर लिनक्स असते. लिनक्सला प्रश्न विचारण्याची एक भाषा आहे. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि उत्तर वाचायचे. माझे म्हणणे असे, की बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील प्रत्येक मराठी संस्थेत ही भाषा येणारा किमान एक माणूस असावा आणि त्याला ती मराठीतून शिकवली जावी. आज्ञांच्या नावांचे भाषांतर करू नये. ‘ग्रेप’ला ‘शोधक’ म्हटल्याने ग्रेप येत नाही. ग्रेप काय करते, कोठे फसते आणि मराठी मजकुरावर ती का आंधळी होते, हे मराठीत सांगितल्याने येते.

या लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रासमोर बसल्यावर ती रोमन लघु अक्षरांत टंकायची. डीएफ म्हणजे ‘डी’ आणि ‘एफ’ ही दोन अक्षरे, बस्स.

प्रथम त्या तीन शब्दांचा निकाल लावू. ‘लोकेल -ए’ ही आज्ञा दिली की त्या यंत्रावर कोणकोणत्या भाषांचे संकेत बसवलेले आहेत, याची यादी येते. मराठीचे नाव एमआर_आयएन, कन्नडचे केएन_आयएन. लिनक्सच्या पायात असलेल्या ग्लिबसी या संग्रहात दोन्ही भाषा आहेत. यादीत मराठी दिसली नाही, तर ती बसवलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. डेबियन किंवा उबुंटूवर ‘लोकेल-जेन’ या आज्ञेने आणि रेड हॅटच्या घराण्यात ‘ग्लिबसी-लँगपॅक-एमआर’ हे लहानसे पॅकेज घालून ती बसते. काम दोन-चार मिनिटांचे. त्यानंतर मराठीचा संकेत लावून ‘डेट’ विचारावे. वार आणि महिना मराठीत उमटतात. आणि मराठी नाव केवळ साठवायचे, शोधायचे, छापायचे असेल तर एवढेही लागत नाही. यंत्र यूटीएफ-८ वर असले की पुरे. तेव्हा पुढच्या वेळी अर्जात एक वाक्य घालावे : ‘सदर सर्व्हरवरील लोकेल -ए या आज्ञेचे उत्तर अर्जदारास द्यावे.’ या वाक्यानंतर संभाषणाचा सूर बदलतो.

यूटीएफ-८ विषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण आपल्या अडचणींचे मूळ बरेचसे तेथे आहे. केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती पद्धत १९९२ साली रचली. ग्रेप ही शोधाची आज्ञाही याच टॉम्पसन यांनी १९७० च्या दशकात लिहिलेली. त्या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. ‘बसवकल्याण’ हे नाव घ्या. वाचताना आपण सहा अक्षरे मोजतो : ब, स, व, क, ल्या, ण. यंत्र मात्र ‘ल्या’मध्ये ल, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हे पाहते आणि एकूण नऊ मोजते. मोजण्याची आज्ञा डब्ल्यूसी. ‘डब्ल्यूसी -सी’ २७ म्हणेल, ‘डब्ल्यूसी -एम’ ९ म्हणेल. ज्या यंत्रावर यूटीएफ-८ लावलेलेच नाही, तेथे -एम सुद्धा २७ च सांगेल. एका शब्दावर आपले यंत्र कोणत्या अवस्थेत आहे ते कळते. (शेवटी ओळ तोडणारे चिन्ह आले तर प्रत्येक आकडा एकाने वाढतो, पहिल्यांदा करताना सगळेच त्यावर अडखळतात.)

याचा व्यवहारात काय संबंध? लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी नावाला ती २५५ अक्षरे झाली, मराठीला ८५ चिन्हे. आणि काने-मात्रा-जोडाक्षरे धरता वाचायची अक्षरे पन्नासच्या आसपास. आपल्या संस्थांचे चिटणीस फाइलला ‘सन २०१९-२० चे वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि ठरावांची प्रत अंतिम दुरुस्त’ अशी नावे देतात. विंडोजवर नावाची मोजणी बाइटांनी होत नाही, म्हणून ते तेथे चालते. असे नाव २५५ बाइटांपलीकडे गेले की सर्व्हरवर चढवताना ‘नाव फार मोठे’ असा नकार येतो आणि कोणीतरी सुचवतो की नावे इंग्रजीत द्या. इंग्रजीची गरज नाही. आटोपशीर मराठीची आहे.

दुसरा नित्याचा प्रसंग म्हणजे मराठी मजकुराच्या जागी भलतीच चिन्हे दिसणे. येथे नुसत्या डोळ्यांनी रोगनिदान होते. लॅटिन ‘ए’वर डावीकडून उतरणारी रेघ आणि शेजारी चार टोकांचे गोल चलनचिन्ह अशी जोडी वारंवार दिसत असेल, तर मूळ मजकूर देवनागरी आहे, शाबूत आहे आणि फक्त चुकीच्या चष्म्यातून पाहिला जात आहे. त्याच रेघेच्या ‘ए’शेजारी बारीक, वर चढवलेला दोन किंवा तीनचा आकडा असेल तर मूळ मजकूर कन्नड आहे. चष्मा बदलला की दोन्ही परत मिळतात. परंतु नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसली, तर घाबरण्याचे कारण आहे. विदागाराने ते नाव जुन्या लॅटिन संकेतात कोंबण्याचा प्रयत्न केला, जमले नाही, आणि नावाऐवजी प्रश्नचिन्हेच लिहून ठेवली. नाव गेले. मागची प्रत असेल तरच ते परत येईल. मायएसक्यूएल या विदागाराच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत लॅटिन हाच न सांगता मिळणारा संकेत होता. जुन्या सर्व्हरवरून उतरवलेल्या सभासदयाद्यांत अशी प्रश्नचिन्हे का सापडतात, ते यावरून कळावे. फाइलीचा संकेत विचारण्यासाठी ‘फाइल’ याच नावाची आज्ञा आहे आणि संकेत बदलण्यासाठी आयकॉन्व्ह. आयकॉन्व्हला एक गोष्ट जमत नाही : युनिकोडपूर्व काळात मराठीसाठी श्री-लिपी, कन्नडसाठी नुडी यांच्या जुन्या फॉन्टांत जे टंकले गेले, तो संकेत नव्हेच, तो रोमन अक्षरांवर चढवलेला मुखवटा. त्याला वेगळे परिवर्तक लागतात. कन्नड बांधवांनी हे दुःख आपल्याइतकेच भोगले आहे.

आता आज्ञांच्या व्याकरणाकडे येतो. मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी नेमका कोठे चुकतो, हे पाहण्यासारखे आहे. आज्ञेत क्रियापद आधी येते, नंतर क्रियाविशेषणासारखे पर्याय, शेवटी कर्म. मराठीत क्रियापद शेवटी. हा फरक मुले दोन दिवसांत पचवतात. खरा घात होतो तो विभक्तीपाशी. ‘घरातून शेतात’ म्हणा की ‘शेतात घरातून’ म्हणा, मराठीत अर्थ बदलत नाही, कारण ‘-तून’ आणि ‘-त’ हे प्रत्यय नात्याची जबाबदारी घेतात. कन्नडातही तसेच. यंत्राच्या आज्ञेत प्रत्यय नाहीत. जागा हीच विभक्ती. सीपी या प्रतीच्या आज्ञेत पहिले नाव ‘-वरून’, दुसरे ‘-वर’. एमव्ही या हलवण्याच्या आज्ञेतही तेच. दोन नावांची अदलाबदल झाली, तर जुनी प्रत नव्या प्रतीवर बसते आणि यंत्र चकार शब्द काढत नाही. यशस्वी आज्ञा गप्प राहते, हा युनिक्सचा जुना शिष्टाचार आहे, आणि नवख्याला तो फार महाग पडतो.

प्रती ठेवण्यासाठी सर्वांत उपयोगी आज्ञा आरसिंक. दोन जागांतील फक्त फरक ती पाठवते, म्हणून मंद इंटरनेटवरही चालते. तिच्यातही पहिले मूळ, दुसरे लक्ष्य. तिला ‘--डिलीट’ हा पर्याय दिला की मुळात नसलेले सारे ती लक्ष्यातून काढून टाकते. मूळ आणि लक्ष्य उलटे झाले, रिकामा कप्पा मुळाच्या जागी आला, की दहा वर्षांचे दफ्तर क्षणात साफ. म्हणून आधी ‘-एन’ लावून रंगीत तालीम करावी. काय होणार ते दिसते, होत काही नाही. आरसिंकमध्ये आणखी एक गंमत आहे. मूळ कप्प्याच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर ‘कप्प्यातले’ जाते. न दिली तर ‘कप्पा’च जातो. ही रेघ म्हणजे प्रत्यय आहे. ‘घर’ आणि ‘घरातले’ यांतला भेद मराठी मुलाला समजावून द्यावा लागत नाही. तो भेद येथे तिरक्या रेघेने होतो, एवढे सांगितले की तो जन्मात चुकत नाही. इंग्रजीतील पाठ्यपुस्तके यावर परिच्छेद खर्च करतात.

याच्या उलट, जेथे इंग्रजी वाचक अडखळतो तेथे मराठीला सरळ रस्ता आहे. एका आज्ञेचे उत्तर उभ्या रेघेने दुसरीकडे सोपवता येते, दुसरीचे तिसरीकडे. ‘नोंदी वाचून, त्यांतून चुका निवडून, त्या क्रमाने लावून, सारख्या सारख्या मोजून, पहिल्या दहा दाखव.’ हे ‘-ऊन’ लावलेल्या धातुसाधितांनी गुंफलेले मराठी वाक्य आणि कॅट, ग्रेप, सॉर्ट, ‘युनिक -सी’, हेड ही साखळी, डावीकडून उजवीकडे, शब्दाला शब्द जुळते. शेवटी आज्ञार्थ, तोही बरोबर आपल्या जागी. (मोजून झाल्यावर आकड्यांनुसार उतरता क्रम लावण्यासाठी ‘सॉर्ट -एनआर’ आणखी एकदा घालावे लागते, वाक्यात ‘उतरत्या क्रमाने मांडून’ असे येईल.) आपल्या वाक्यरचनेला येथे परभाषेपेक्षा अधिक योग्यता आहे आणि तरीही हा विषय मराठीतून शिकवता येत नाही असे म्हणणारे प्राध्यापक आपल्याच जिल्ह्यांत भेटतात.

आता प्रत्यक्ष बिघाड. समजा, औराद किंवा आळंद तालुक्यातील एखाद्या मराठी वाचनालयाने दुर्मीळ पुस्तकांची पाने स्कॅन करून भाड्याच्या सर्व्हरवर ठेवली आहेत आणि एके सकाळी संकेतस्थळ उघडत नाही. नेहमीची रीत अशी की पुण्याला किंवा बेंगळुरूला फोन करायचा आणि दोन दिवस वाट पाहायची. त्याऐवजी एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरावे. शिरता आले तर यंत्र जिवंत आहे, ही पहिली बातमी. ‘अपटाइम’ विचारावे : शेवटचे तीन आकडे गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांतील कामाचा बोजा सांगतात. ‘एनप्रॉक’ने यंत्राचे गाभे मोजावेत, बोजा त्यांच्याहून बराच अधिक असेल, तर ‘टॉप’ उघडून कोण राबवतो आहे ते पाहावे. ‘फ्री -एच’ स्मृती दाखवते. तेथे ‘फ्री’चा रकाना पाहून घाबरू नये, लिनक्स मोकळी स्मृती वाचलेल्या फाइली हाताशी ठेवण्यात वापरते आणि गरज पडताच सोडते. पाहायचा रकाना ‘अव्हेलेबल’.

मग डिस्क. ‘डीएफ -एच’ने जागा किती उरली ते कळते आणि लहान सर्व्हरचा आजार बहुधा येथेच सापडतो. पण कधी कधी जागा अर्धी रिकामी दिसते आणि यंत्र ‘जागा नाही’ म्हणत राहते. अशा वेळी ‘डीएफ -आय’. डिस्कवर जागेखेरीज प्रत्येक फाइलसाठी एक नोंदपत्र लागते, त्याला आयनोड म्हणतात, आणि त्यांची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. ईएक्सटी-४ या प्रचलित व्यवस्थेत साधारण दर १६ किलोबाइटांमागे एक. म्हणजे २० गिगाबाइटच्या डिस्कवर सुमारे १३ लाख. पानागणिक एक चित्र, त्याची लघुप्रत, शिवाय संकेतस्थळाने स्वतःसाठी निर्माण केलेल्या हजारो चिमुकल्या फाइली, असे झाले की गोदामात जागा असूनही बारनिशीची पाने संपतात. पुस्तकांच्या संग्रहांना हा रोग जडण्याची शक्यता अधिक, म्हणून येथे थांबलो. याच्या जोडीचा दुसरा चकवा : डीएफ म्हणते डिस्क भरली, आणि ‘डीयू -एसएच’ने कप्पे मोजावेत तर बेरीज जुळत नाही. कोणीतरी मोठी नोंद-फाइल पुसली, पण चालू सेवेने ती अजून हातात धरून ठेवलेली असते. ‘एलएसओएफ +एल१’ अशा पुसलेल्या पण न सुटलेल्या फाइली दाखवते. सेवा पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते.

डिस्क ठीक असेल तर सेवेकडे वळावे. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ आणि पुढे सेवेचे नाव : चालू की पडलेली. ‘एसएस -टीएलएनपी’ : कोणत्या दारावर कोण उभा आहे. सर्व्हरवरूनच ‘कर्ल -आय’ने आपलेच पान मागावे; आत मिळाले आणि बाहेर मिळत नसेल तर दोष भिंतीचा किंवा नावाचा, आणि नाव कोठे वळते ते ‘डिग’ सांगते.

या साऱ्याहून मोठी आहे ती नोंदवही, म्हणजे लॉग. मी बोलताना लॉगच म्हणतो, शिकवताना एकदा ‘रोजकीर्द’ म्हणतो. आपल्या पेढ्यांत आणि संस्थानी दफ्तरांत घडले तसे, घडले त्या क्रमाने उतरवण्याच्या वहीला हाच शब्द होता. ‘अभिलेख-शृंखला’ यांसारखी कृत्रिम नाणी पाडण्याची गरज नाही. ‘जर्नलसीटीएल -यू’ आणि सेवेचे नाव दिले की त्या सेवेची रोजकीर्द उघडते. ‘-एन ५०’ने शेवटच्या पन्नास ओळी, ‘-पी एरर’ने फक्त चुका, ‘--सिन्स’ने ठरावीक वेळेपासूनच्या. ‘टेल -एफ’ लावून बसले की नवी नोंद पडताच दिसते. दामाजीपंतांच्या कथेत बीदरच्या दरबारात विठूने धान्याचे मोल चुकते करून रीतसर पावती घेतली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. भक्ताला सोडवायला देव आला, तरी कागद लागलाच. ज्याच्याकडे रोजकीर्द आहे, त्याला ‘सर्व्हरच खराब होता’ असे सांगून कोणी परत पाठवू शकत नाही.

परवानग्यांबद्दल एकच सांगतो. काही चालेनासे झाले की ‘सीएचमॉड ७७७’ लावा, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा अर्थ : मालक, गट आणि परका, तिघांनाही वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तिन्ही गोष्टींची मुभा. वाड्याची कवाडे काढून ठेवण्याचा हा प्रकार आहे. बहुधा दोष मालकीचा असतो आणि तो ‘सीएचओन’ने नीट होतो. ‘सुडो’ जपून.

येथपर्यंतचे कोणत्याही भाषेच्या माणसाला लागू आहे. ग्रेपपाशी आल्यावर मात्र प्रश्न खास आपला होतो. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द घ्या. त्यातील ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ हे चिन्ह आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर, कागदावर दोन्ही सारखे. बाइटांत वेगळे. एकाने एका कळफलकावर टंकले, दुसऱ्याने दुसऱ्या. ग्रेपला एक रूप दिले तर दुसऱ्या रूपातील एकही शेतकरी सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणीकरण करूनही ही दोन रूपे एक होत नाहीत. ‘ॲ’चेही असेच : २००८ साली युनिकोडमध्ये तो स्वतंत्र आला, तोवर ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत, ॲडव्होकेटांच्या याद्या त्यामुळे दुभंगलेल्या असतात. उपाय साधा आहे. सेड या बदल करणाऱ्या आज्ञेने सर्व मजकूर एका रूपात आणायचा, मग शोधायचा. ट्रान्सलेटपासून संक्षेप पावलेली ‘टीआर’ ही आज्ञा येथे वापरू नये; लिनक्सवरील तिची नेहमीची आवृत्ती एकेक बाइट पाहते आणि देवनागरीची चाळण करते. कोणत्याही यादीत नाव ‘आढळले नाही’ असे सांगितले गेले, तर शोध कोणत्या रूपाने घेतला, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. क्रमाचेही पाहावे. संकेताचा विचार न करता ‘सॉर्ट’ लावली तर ‘काळे’ आधी आणि ‘कावळे’ नंतर येते, कारण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ला ‘ल’शेजारी बसवले आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर.

‘ळ’ची खरी कथा पुढे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातील बीदर जिल्हा फाटला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. घरे दोन्हीकडे आहेत, शेते दोन्हीकडे आहेत. महाराष्ट्राचा सातबारा मराठीत. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे २ कोटी जमीन-नोंदी संगणकावर आणल्या, त्या कन्नडात. एकाच घरातील भावांची नावे दोन लिप्यांत गेली, यात गैर काही नाही. ‘ळ’ कन्नडातही आहे, ठसठशीत आहे. तो हरवतो मधल्या रोमन पुलावर. ‘काळे’ रोमनमध्ये उतरला की ‘ल’ आणि ‘ळ’ एक होतात आणि पलीकडे ‘काले’ होऊन निघतो. मग वारसाच्या कागदावर दोन माणसे होतात.

या पुलाची गरजच नाही. भारतीय लिप्यांचे युनिकोडमधील तक्ते इस्की या भारतीय मानकावरून समांतर मांडलेले आहेत. देवनागरी ‘क’च्या क्रमांकात ८९६ मिळवले की कन्नड ‘क’, ‘ळ’मध्ये ८९६ मिळवले की कन्नड ‘ळ’. मात्रा, हलन्त, आकडे, सारे याच अंतरावर. पर्लच्या एका ओळीत हजार नावांची यादी एका लिपीतून दुसरीत जाते, आणि ‘आळंद’ आळंदच राहते. परत येताना काळजी घ्यायची ती एवढीच, की कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’ आणि दोन ‘ओ’ आहेत; वजाबाकीनंतर देवनागरीत येणाऱ्या ऱ्हस्व मात्रा सेडने आपल्या मात्रांत बदलाव्या लागतात. आपला ‘ऱ’ पलीकडे गेला की जुन्या कन्नडातील, आता वापरातून गेलेल्या ‘ऱ’वर जाऊन बसतो. त्याला साध्या ‘र’वर आणावे, पण भाषेच्या अभ्यासकाला हा योगायोग क्षणभर थांबवील. हे काम मराठीवाद्याने कन्नड शिक्षकाशेजारी बसून करण्याचे आहे. दोघांचेही अक्षर वाचते.

आक्षेप माहीत आहेत. ‘पैसे देऊन माणूस मिळतो, आज्ञा कशाला शिकायच्या?’ मिळतो, पण त्याला ‘ळ’ गेल्याचे दिसत नाही, कारण त्याच्या पडद्यावर सर्व ठीक असते. ‘मराठीतून शिकले तर मुले मागे पडतील.’ आज्ञा रोमनच राहणार आहेत. समज तेवढी मातृभाषेत यायची आहे. गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात आहे, आणि तेथील महिमा सांगणारे ‘गुरुचरित्र’ ज्या सरस्वती गंगाधरांनी मराठीत रचले त्यांची मातृभाषा कन्नड होती. दुसऱ्याच्या भाषेत काम करण्याने आपली भाषा जात नाही, हे या मातीला नव्याने शिकवायला नको.

करायचे काम लहान आहे. ‘मॅन’ ही आज्ञा प्रत्येक आज्ञेची माहितीपाने उघडते. ती पाने जर्मन, फ्रेंच, जपानी भाषांत वाचता येतात, कारण त्या त्या भाषकांनी ती लिहिली. मराठीत सुरुवात दहा पानांनी करावी. बीदर, भालकी, हुमनाबाद, कलबुर्गी येथील अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि मराठीचे शिक्षक यांनी जोडीने एकेक पान घ्यावे : विद्यार्थ्याने आज्ञा चालवून पाहावी, शिक्षकाने वाक्य तपासावे. उदाहरणांत ‘फू’ आणि ‘बार’ नकोत. सभासदयादी, इतिवृत्त, पहाणी असावी. पहिली पाने डीएफ, जर्नलसीटीएल आणि आरसिंक यांची. आरसिंकच्या पानात दोन नावांच्या जागी ‘जुन्या-वरून’ आणि ‘नव्या-मध्ये’ असे प्रत्ययांसह लिहावे, आणि -एन हा तालमीचा पर्याय पहिल्याच उदाहरणात द्यावा.